पाण्याखालचा सफेदा

“श्वास आत घ्या आणि धरून ठेवा,” मी आडोशामागून सांगितलं आणि बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं, थांबलं. “सोडा आता.”

आर्तिनबाबांनी श्वास सोडला नाही. मी बाहेर आले तरी ते तसेच उभे होते, हनुवटी स्टँडला टेकलेली, खांदे पुढे, डोळे मिटलेले. मी दंडाला हात लावला तेव्हा कुठे त्यांनी हवा हळूच बाहेर सोडली. धाप लागली नव्हती.

“ह्या माका चांगला जमता,” ते म्हणाले.

मी तेव्हा बी. एस्सी. होऊन, कोल्हापूरला एक्स-रेचा कोर्स करून वेंगुर्ल्याला परत आले होते. डॉक्टर वालावलकरांच्या दवाखान्यात तालुक्यातलं एकमेव खासगी यंत्र होतं, आणि ते चालवायचं काम माझ्याकडे. खोकला बरा होईना म्हणून डॉक्टरांनी आर्तिनबाबांना माझ्याकडे पाठवलं होतं.

गावात त्यांना ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि त्यांचं आडनाव धड उच्चारू शकेल असंही कुणी नव्हतं. ते आर्मेनियन. काळ्या समुद्राच्या काठावरचं त्यांचं गाव लहानपणीच सुटलं. मग अनाथाश्रम, मग बसऱ्याहून खजूर आणणाऱ्या बोटीवरून मुंबई. तिथे गोदीत बोटींवर नावं रंगवताना वेंगुर्ल्याच्या एका तांडेलाची मुलगी भेटली, जानकी. तिच्याशी लग्न करून ते इकडे आले आणि इकडचेच झाले. मराठी शिकले ती तिच्याकडून, म्हणजे मालवणी. लालबुंद गोरा, बाकदार नाकाचा म्हातारा बाजारात सुरमईवरून घासाघीस करताना ऐकला की परगावचे लोक थांबून बघत.

ते फक्त समुद्र काढत. वर्षाला एक. मेअखेर होड्या वाळूवर ओढून माडाच्या झापांखाली झाकल्या की ते आपल्या खोलीत शिरत, समुद्राकडची खिडकी लावून घेत आणि दाराला आतून कडी घालत. पहिले काही दिवस जानकीकाकूंनासुद्धा आत जायची मुभा नसे. जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि निघून जायचं. मग एके दिवशी दार उघडं दिसे, आणि त्यानंतर कुणीही जाऊन बसावं. आम्ही शाळेतल्या मुली जाऊन बसायचो. लाटेतून उजेड आरपार कसा जातो हे मी पुस्तकात शिकायच्या आधी तिथे पाहिलं. पातळ निळ्यावर पातळ हिरवा, तो सुकला की पुन्हा निळा, आणि हे सगळं समुद्राकडे पाठ करून.

मला तेव्हापासूनच नको ते विचारायची खोड. त्यांच्या फळीवर पांढऱ्या रंगाच्या दोन नळ्या असत, आणि लाटांसाठी ते एकीलाच हात लावत. दुसरी कशाला, असं मी एकदा विचारलं. “त्येचा काम झाला ह्या वर्षाचा,” ते म्हणाले.

नारळी पौर्णिमेच्या आधी चित्र पुरं होई. त्यात पाणी असे, आभाळ असे, होडी कधीच नसे. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे लोक चिडवायचे, “आर्तिनबाबांनू, समुद्र बरो काढलात, पण आमी खंय?” त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “तुमी सुखरूप घराक गेल्यात.”

जानकीकाकू गेल्या आणि मागोमाग आर्तिनबाबांचे डोळे गेले. काचबिंदू. बेळगावच्या डॉक्टरांनीही हात टेकले. आता उजेड कुठे आहे एवढं कळायचं, बाकी काही नाही. त्या वर्षी होड्या वर ओढल्या, झापं पडली, आणि आर्तिनबाब ओसरीवरच बसून राहिले.

मी फिल्म धुऊन, दिव्याच्या पेटीवर लावून पाहिली. छाती स्वच्छ नव्हती, पण वाईटही नव्हती. ते माझ्यामागे येऊन पेटीच्या उजेडाकडे तोंड करून उभे राहिले आणि काय दिसतं ते सांग म्हणाले. मी सांगितलं. बरगड्या पांढऱ्या दिसतात, कारण हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं. फुप्फुसं काळी, कारण हवा अडवत नाही. सगळ्यात जास्त कोण अडवतं, असं त्यांनी विचारलं. मी अंगावरचा जड एप्रन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, शिसं.

त्यांनी एप्रन बराच वेळ हातात धरला.

“सफेदो शिशाचो आसता,” ते म्हणाले. “तो खाली आसलो, आणि वर दुसरो रंग दिलेलो आसलो, तर?”

“वरचो कसलो?”

“निळो. आणि जस्ताचो पांढरो.”

मी विचार केला आणि म्हटलं की मग किरण समुद्रातून पार जातील आणि सफेद्यापाशी अडतील. समुद्र हा शब्द माझा होता. ते तो बोलले नव्हते.

“वाचनालयात माझा पयला चित्र आसा,” ते म्हणाले. “त्यात कडेक एक चेडू आसा. तिचो चेहरो कसो आसा, ता माका सांगशीत?”

ते चित्र मी जन्मापासून पाहत आले होते. वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाच्या वर, भिंतीच्या मधोमध. मी म्हटलं, त्यात नुसता समुद्र आहे.

“समुद्र मागसून काढलंय.”

कोण मुलगी, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण तेव्हा माझं सगळं लक्ष यंत्राकडे होतं, हे जमेल की नाही याकडे.

डॉक्टर वालावलकरांना मी बिचकतच विचारलं. चित्राला खोकला झालाय की ताप येतो, असं त्यांनी विचारलं. मग कपाटातून मुदत संपलेल्या फिल्मांचा डबा काढून दिला आणि रविवारी दवाखाना बंद झाल्यावर काय करायचं ते कर म्हणाले. मी निघाले तेव्हा त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलेला नियम पुन्हा सांगितला. “फिल्मवर जे दिसतं तेवढंच बोलायचं. वाटतं ते बोलायचं नाही. माणूस असो की चित्र.”

नाबर मास्तर कठीण निघाले. ते वाचनालयाचे कार्यवाह, आणि शाळेत मला भूगोलाला होते. चित्र संस्थेची मालमत्ता आहे, ते भिंतीवरून उतरवायला कार्यकारिणीचा ठराव लागेल, असं ते म्हणाले. किरणांनी रंग जळाला तर जबाबदार कोण? मी म्हटलं, रंग जळत नाही. ते म्हणाले, तुझा नकाशासुद्धा कधी बरोबर येत नसे. मग मी त्यांना सांगितलं की आर्तिनबाबांना त्यात कुणीतरी बघायचं आहे आणि त्यांना आता दिसत नाही. मास्तर चष्मा पुसत राहिले. रविवारी ते स्वतःच रिक्षातून आले, चित्र चादरीत गुंडाळून आणि आजारी मूल धरावं तसं मांडीवर घेऊन.

“मी हयच बसतलंय,” त्यांनी बजावलं. “आणि चित्राक हात लावचो नाय. थंय पाटीच आसा तशी.”

आर्तिनबाब आधीच येऊन बाकावर बसले होते. काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये, अंगात लग्नाबिग्नाला घालायचा कोट.

पहिली फिल्म पार काळी झाली. माणसाच्या छातीला लागतो तेवढा जोर चित्राच्या कापडाला फार होतो. मी यंत्राचा जोर कमी करत करत बोटांच्या हाडांसाठी ठेवतात त्याहूनही सौम्य केला. दुसऱ्या खेपेला काहीतरी आलं. मग मी चित्राचे चार भाग केले आणि प्रत्येकाखाली फिल्म सरकवली. डाव्या बाजूला एल हे शिशाचं छोटं अक्षर ठेवलं. फिल्म उलटी धरली की डावं-उजवं बदलतं, म्हणून आम्ही ते रोग्यांनाही लावतो.

काळोख्या खोलीत, लाल दिव्याखाली, मी फिल्म औषधात हलवत होते. पाण्यातून आधी होडीची कड वर आली. मग डोकी.

चारही ओल्या फिल्म मी पेटीवर शेजारी शेजारी लावल्या आणि दोघांना हाक मारली. मास्तर आर्तिनबाबांचा हात धरून आले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या चित्राकडे. तिथे नेहमीचा समुद्र होता, मावळतीचा, एकही माणूस नसलेला. पुन्हा पेटीकडे पाहिलं.

“म्हणजे इतकी वर्सा आमी ह्यांच्यासमोर बसान पेपर वाचत व्हतो,” ते हळूच म्हणाले.

होडी माणसांनी भरलेली होती. बसायला जागा नव्हती अशी भरलेली. आर्तिनबाबांनी पेटीकडे तोंड केलं आणि पुढच्या टोकापासून सांग म्हणाले. मी सांगू लागले. एक मिशीवाला माणूस, टोपी नाही.

“बापूस,” ते म्हणाले.

डोक्याला रुमाल बांधलेली बाई, मान वळवून मागे बघतेय. ती आई होती. तिच्या खांद्याला टेकलेली म्हातारी, तोंडात दात नसावेत अशी गालफडं. ती आजी. दोन दांडगे मुलगे एकमेकांसारखे. ते काका. चार-पाच फटकाऱ्यांतले चेहरे होते, पण त्यातला कुणीही रस्त्यात भेटला असता तर मी ओळखला असता. प्रत्येक नावानंतर ते मान हलवत, जसं काही ते माणूस घरी पोचलं आणि त्याची काळजी मिटली.

“आणि कडेक?” त्यांनी विचारलं.

मी बघितलं. मग दुसऱ्या फिल्मशी ताडून बघितलं. होडीच्या कडेला एक मुलगी बसली होती, जेमतेम आठ वर्षांची वाटावी अशी. दोन वेण्या होत्या. फ्रॉकचा गळा होता. गळ्यावर एक लांबट गोल होता, सफेदा एकसारखा पसरलेला, गुळगुळीत. त्यात डोळे नव्हते, नाक नव्हतं, तोंड नव्हतं. कुठे खरवडल्याची, पुसल्याची खूण नव्हती. तिथे कधी काही काढलंच नव्हतं.

मास्तरांनीही ते पाहिलं. त्यांनी माझी बाही ओढली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “हसताहा म्हणान सांग गो. तुझा काय जाता?”

आर्तिनबाब वाट बघत होते. कोटाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं होतं.

“चेहरो नाय, आर्तिनबाब,” मी म्हटलं. “बाकी सगळी आसा. चेहऱ्याची जागा कोरी आसा.”

“पुसलंय मी?”

“नाय. काढूकच नाय.”

ते मागे सरकले. मास्तरांनी स्टूल ओढून दिलं. दवाखान्याच्या मागे कुणीतरी कपडे धोपटत होतं. मास्तर माझ्याकडे बघत नव्हते.

मग आर्तिनबाबांनी सांगितलं, आणि ते फार नव्हतं. उन्हाळ्याचे दिवस होते. शिपायांनी त्यांच्या गल्लीतल्या लोकांना धक्क्यावर नेलं, दुसऱ्या गावी पाठवतो म्हणून. होड्या लागलेल्या होत्या. त्यांची बहीण सिरानुश त्यांना हाताला धरून चालली होती. सगळे होडीत चढले, तीही चढली, आणि ते चढणार एवढ्यात शेजारच्या एका बाईने त्यांना मागून उचललं. हा माझा मुलगा, असं ती ओरडली. सिरानुशने हात सोडला नाही. मग शिपायाने सोडवला. होड्या लांब गेल्या आणि जेवणवेळेच्या आत परत आल्या, रिकाम्या. त्या बाईने त्यांच्या तोंडावर हात ठेवला होता, पण डोळ्यांवर ठेवायचं तिला सुचलं नाही.

दरवर्षी ते सगळ्यांना होडीत बसवायचे आणि मग त्यांच्यावर समुद्र काढायचे. दुसरं काय करणार, ते म्हणाले. उघड्यावर ठेवले तर रोज बघावे लागतील, आणि काढलेच नाहीत तर ते कुठे आहेत ते कुणाला कळणार? बाकी सगळे चेहरे दरवर्षी आपोआप येत. सिरानुशचा येत नसे. एका वर्षी त्यांनी तिला जानकीच्या भाचीचा चेहरा दिला, एका वर्षी पोस्टमास्तरांच्या मुलीचा, आणि प्रत्येक वेळी त्यांना ठाऊक होतं की हा तिचा नव्हे.

“माका वाटला, पयल्या चित्रात ती आसा,” ते म्हणाले. “तेवा याद व्हती, आणि मी तिच्यार रंग घातलंय. माझ्या हातान गेली ती, असा वाटत व्हता. जानकीकसुद्धा कधी सांगूक नाय.”

आणि थोड्या वेळाने म्हणाले, “म्हणजे तेवाच नव्हती.”

पण मघापासून माझी नजर चौथ्या फिल्मच्या खालच्या कोपऱ्याकडे जात होती आणि मी ते बोलले नव्हते, कारण त्यांनी फक्त चेहरा विचारला होता.

“तिचो हात आसा,” मी म्हटलं.

“कसलो हात?”

“होडीच्या भायर आयलेलो. सगळ्या चित्रात असो दुसरो कायच नाय. नखा काढल्यात. अंगठ्याच्या मुळाकडची सुरकुती काढल्यात. सफेदो इतको जाड आसा की फिल्मवर हाडापेक्षा पांढरो दिसता.” मी जवळ वाकले. “बोटा मिटलेली आसत, पण मूठ नाय. मधी जागा सोडलेली आसा. बारीकशी. लहान पोराचो हात मावात तितकी.”

आर्तिनबाब स्टुलावरून पुढे वाकले.

“खंयचो हात?”

मी शिशाचं अक्षर पाहिलं. फिल्म सरळ होती. “डावो.”

त्यांनी आपला उजवा हात गुडघ्यावरून उचलला, उघडला आणि पुन्हा मिटला.

फिल्म चित्राखालीच ठेवून काढलेली असल्यामुळे दोघांची मापं सारखीच होती. मी चौथी फिल्म फडक्याने पुसली आणि चित्राच्या कोपऱ्याला कोपरा लावून वर धरली. खिडकीचा उजेड तिरपा पडत होता. फिल्म जरा उचलून खाली पाहिलं तेव्हा मला प्रथमच दिसलं. लाटेच्या उतारावर, निळ्याखाली, जाड सफेद्याचे अगदी बारीक उंचवटे होते. आजवर सगळ्यांना ती लाट वाटली होती.

मी आर्तिनबाबांचं बोट धरलं. मग मास्तरांकडे पाहिलं.

नाबर मास्तर खिडकीपाशी गेले आणि बाहेर कोण कपडे धुतंय ते बघत, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी ते बोट फिल्मखालून नेलं आणि त्या जागेत ठेवलं. त्यांचं बोट आधी चाचपडलं. एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर गेलं, तिसऱ्यावर, मग मधल्या खोलगट भागात आलं आणि तिथे थांबलं. त्यांनी श्वास आत घेतला आणि धरून ठेवला. मी सोडा म्हटलं नाही.

त्यानंतर त्यांनी मला कधी चेहऱ्याबद्दल विचारलं नाही. वाचनालयात मात्र एक बदल झाला. चित्र पूर्वी टेबलाच्या वर, उंच टांगलेलं असे. ते खाली, उभ्या माणसाच्या छातीशी येईल इतक्या उंचीवर आलं. ठराव झाला नाही. ‘चित्रास हात लावू नये’ ही पाटी चित्रापासून काढून घड्याळाखाली नेली होती, आणि घड्याळाला कुणी हात लावतच नसे. आर्तिनबाब सकाळी कुणाच्या तरी आधाराने येत, भिंतीशी उभे राहत, बोट ठेवत आणि जात. पेपर वाचणारे लोक तेवढा वेळ पान उलटत नसत. काही वर्षं हे चाललं. मग एका पावसाळ्यात, होड्या वर असताना, ते गेले.

आता त्यांच्या चित्रांना नाव आहे. गेल्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या दालनात ती मांडली होती. मी पाहायला गेले तर दारावर लिहिलं होतं, ‘निर्मनुष्य सागर’. मी ते वाचलं आणि आत गेले.

पहिलं चित्र मात्र वेंगुर्ल्यातच आहे. ते मागायला त्या दालनाचा माणूस आला होता, रंगांच्या दुरुस्तीतला जाणकार, सज्जन. मी तेव्हा सुट्टीवर आले होते. नाबर मास्तर आता ऐंशीच्या घरात, तरी कार्यवाह तेच. त्या माणसाने भिंगातून चित्र पाहिलं आणि लाटेच्या उतारावर बोट रोखलं. तिथला निळा सतत हात लागून झिजला होता, आणि खालून तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसत होता. इथला रंग उडालाय, तो म्हणाला. मी फुकट भरून देतो, कळणारसुद्धा नाही.

“भरू नकात,” मास्तर म्हणाले. “रंग उडूक नाय थंय. हात वर येताहा.”